ज्या अर्थी तो उभा आहे

खांबाचं काम भार पेलण्याचं. घरातला खांब तुळई पेलतो, देवळातला खांब छत पेलतो, आणि तो कशासाठी आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. चारठाण्याचा मानस्तंभ मात्र कशाचाच भार पेलत नाही. परभणी जिल्ह्यात, मंठ्याहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या या गावात तो मोकळ्या आभाळाखाली उभा आहे. उंच, काळ्या दगडाचा, अंगावर कोरीव काम ल्यालेला. मान वर केल्याशिवाय तो पुरता दिसत नाही. ज्याला कसलंच काम दिलेलं दिसत नाही, त्याच्यावर कारागिरांनी एवढे कष्ट कशासाठी घेतले असतील?

तो स्वतः काही सांगत नाही. त्याच्यासमोर आलेला माणूस मात्र हटकून बोलू लागतो. ‘एवढं काम केलंय त्या अर्थी राजाचा पैसा असणार.’ ‘एकटाच उरलाय त्या अर्थी बाजूचं सगळं पडलं असणार.’ ‘इतका उंच आहे त्या अर्थी वर दिवा लावत असतील.’ तिन्ही वाक्यांत डोळ्यांनी पाहिलेलं एक आहे आणि मनानं जोडलेलं दुसरं. खांब दिसतो, राजा दिसत नाही. उंची दिसते, दिवा दिसत नाही. दिसणाऱ्याचा हात धरून न दिसणाऱ्यापर्यंत जायचं, याला आपल्याकडे अनुमान म्हणतात. चारठाण्याचा हा स्तंभ कित्येक शतकं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या वाटेला लावतो आहे. त्यातल्या कितींचा पाय मध्येच घसरला, हेही त्याने मुकाट्याने पाहिलं असेल.

गावात तो अगदी एकटा नाही. गोकुळेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव आहे, नृसिंहाचं देऊळ आहे. मराठवाड्याच्या जुन्या गावांत दिसतात तसे घडीव दगड इथेही गावभर भेटतात. एवढा ऐवज एका गावात पाहिला की माणसाच्या तोंडून मोठा आकडा निघतोच. इथे एके काळी तीनशे साठ देवळं होती, तीनशे साठ बारवा होत्या, असं सांगतात. वर्षाच्या दिवसांशी जुळणारा हा आकडा मोजून आलेला नाही, भरपूरपणा सांगण्यासाठी आलेला आहे. त्याच्या मुळाशी खरं निरीक्षण आहे: दगड पुष्कळ आहेत, घडीव आहेत, वेगवेगळ्या वास्तूंचे आहेत. त्यावरून ‘इथे मोठी वस्ती आणि बरीच देवळं होती’ इथपर्यंत खुशाल जावं. तीनशे साठपर्यंत जायला मात्र पायाखाली दगड पुरत नाहीत.

मानस्तंभाकडे परत येतो. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात अनुमानाचे तीन प्रकार समजावले. त्यातल्या ‘शेषवत्’चा त्याने दिलेला एक अर्थ असा, की ज्या ज्या शक्यता असू शकतात त्या एकेक करून बाजूला काढायच्या आणि उरेल ती धरायची. या स्तंभाला ती रीत चांगली लागू पडते. हा छपराचा खांब असेल का? मंडपाचे खांब ओळीने असतात, एका उंचीचे असतात, माथ्यावर तुळई बसवायची सोय असते. हा स्वतंत्र उभा आहे आणि मंडपाच्या खांबाहून कितीतरी उंच आहे. म्हणजे ती शक्यता गेली. शिवेचा दगड असेल का? शिवेच्या दगडावर कुणी इतकी छिन्नी चालवत नाही. वीरगळ? वीरगळावर लढाईचे आणि स्वर्गारोहणाचे पट असतात, आणि तो शिळेच्या रूपात असतो. उरतं ते एवढंच, की दुरून दिसावा, ओळखू यावा, कशाची तरी खूण सांगावी म्हणूनच हा उभारला आहे. दाखवणं हेच त्याचं काम. इतकं कळायला ना ताम्रपट लागला, ना शिलालेख.

पण खूण कशाची? इथून खरी चढण सुरू होते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाठशाळेत डोंगर, धूर आणि अग्नी यांच्यावर त्या शिकवतात. चारठाण्यात त्या स्तंभावरच चढून पाहाव्यात. इथे एक मोठं देवालय होतं, ही प्रतिज्ञा. कारण इथे स्वतंत्र कोरीव स्तंभ उभा आहे, हा हेतू. जिथे असा स्तंभ तिथे देवालय, जसं वेरूळला, हे उदाहरण. वेरूळच्या कैलासाच्या प्रांगणात दोन बाजूंना दोन ध्वजस्तंभ आहेत, आणि तिथल्याच बत्तीस क्रमांकाच्या जैन लेण्याच्या, म्हणजे इंद्रसभेच्या, अंगणातही एकाच दगडातून कोरलेला स्तंभ आहे. तसाच हा आहे, हा उपनय. म्हणून इथे देवालय होतं, हे निगमन.

ऐकायला घट्ट वाटतं. आपण रोजच्या बोलण्यात यातल्या चार पायऱ्या गाळतो आणि थेट पाचवीवर उडी घेतो. सगळ्यांत जास्त गाळली जाते ती मधली, उदाहरणाची. वास्तविक अख्ख्या अनुमानाचा जीव तिथे असतो. ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ हा संबंध, शास्त्राच्या भाषेत व्याप्ती, उदाहरणाच्या पायरीवर उघडा पडतो आणि तिथेच तो तपासता येतो. स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र पाहिलेले असतात. तळ्यात विस्तव नसतो, तिथे धूरही नसतो. दोन्ही बाजू पाहिल्यावरच ‘जिथे धूर तिथे अग्नी’ म्हणायचा हक्क मिळतो.

मग स्तंभाच्या बाबतीत दुसरी बाजू पाहू. स्तंभ आहे आणि देवालय नाही, असं कुठे आहे का? आहे. अशोकाने धर्मलेख कोरून उभारलेले स्तंभ देवळाच्या दारात उभे नव्हते, लोकांनी लेख वाचावा म्हणून उभे होते. शिवाय स्तंभ जागचा हलतोही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याचा अशोकस्तंभ उचलून दिल्लीत आपल्या कोटल्यावर नेऊन उभा केला, आजही तो तिथेच आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहून ‘अशोकाच्या काळी इथे काहीतरी होतं’ असं कुणी म्हटलं, तर खांब खरा असून निष्कर्ष खोटा ठरेल.

म्हणजे ‘स्तंभ आहे म्हणून देवालय’ हा हेतू ढिला आहे. त्याला आणखी अटी जोडाव्या लागतात. स्तंभ मूळ जागी असावा, त्याचं पीठ आणि पाया त्याच्याच काळाचे असावेत, त्याच्यावरच्या मूर्ती धार्मिक असाव्यात, आसपास देवळाच्या जोत्याचे, शिखराचे, द्वारशाखेचे दगड सापडावेत. प्रत्येक अटीबरोबर दावा थोडा आखडतो आणि तेवढाच बळकट होतो. चारठाण्यात शेजारची देवळं, बारव आणि विखुरलेले घडीव दगड यांची साक्ष एकत्र घेतली, की हा स्तंभ देवालयांच्या परिसराचा भाग होता हे म्हणणं पायावर उभं राहतं. एकट्या स्तंभाकडून ते वदवून घेता आलं नसतं.

त्याचा एक थोरला भाऊ मध्य प्रदेशात विदिशाजवळ बेसनगरला आहे. तोही शतकानुशतकं असाच एकटा उभा होता. लोक त्याला खामबाबा म्हणत, पूजा करत, शेंदूर माखत. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे गेले तेव्हा शेंदराचा थर एवढा जाड होता, की खाली काही कोरलंय का ते कळायला मार्ग नव्हता. घडण पाहून त्यांनी तो गुप्तकाळचा असावा असं ठरवलं. कनिंगहॅम हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख, त्यांनी पाहिलेल्या खांबांची संख्या थोडीथोडकी नव्हती. पुढे १९०९च्या सुमारास शेंदूर काढला गेला आणि खालून ब्राह्मी अक्षरं वर आली. तक्षशिलेचा हेलिओडोरस नावाचा ग्रीक दूत, राजा अंतियाल्किदासाकडून आलेला, त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असं ती सांगत होती. काळ निघाला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. कनिंगहॅम यांचं अनुमान काहीशे वर्षांनी चुकलं होतं. नंतर १९६०च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि स्तंभाजवळ जुन्या देवालयाचा पाया मिळाला. गरुडध्वज आहे त्या अर्थी विष्णूचं देऊळ असणार, हे अनुमान मात्र जमिनीने खरं केलं. त्याच खांबाबद्दल एक अनुमान पडलं आणि एक टिकलं. पडलेलं घडणीच्या सारखेपणावर उभं होतं, टिकलेल्यामागे लेख होता आणि पाया होता.

घडणीच्या सारखेपणाने आपल्यालाही बरंच फसवलं आहे. महाराष्ट्रात चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं, की आपण ते हेमाडपंती ठरवतो आणि हेमाद्री पंडिताने बांधलं असं सांगून मोकळे होतो. चारठाण्याच्या देवळांनाही हे विशेषण सर्रास लावलं जातं. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि मग रामचंद्रदेवाचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. दगडाला दगड कोरडा जुळवण्याची रीत हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं तिथे हजर होती. म्हणजे बिनचुन्याचं बांधकाम हा ‘हेमाद्रीने बांधलं’ म्हणण्याचा हेतू होऊच शकत नाही, कारण तो हेमाद्री नसतानाही सापडतो. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जो साध्याशी, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीशी, एकनिष्ठ राहत नाही, तो. ‘हेमाडपंती’ हे शैलीचं चालतं नाव म्हणून राहू द्यावं, बोलायला सोयीचं आहे. बांधणाऱ्याचं नाव आणि बांधल्याचा काळ त्यातून काढू नये. असं केल्याने ज्यांनी ही देवळं खरोखर बांधली ते शिलाहार, चालुक्य, त्यांचे सामंत, गावोगावचे दानशूर आणि कारागीर सगळे पुसले जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

स्तंभाच्या नावाचंही तसंच. मानस्तंभ हा जैन मंदिरासमोरचा स्तंभ, हे प्रसिद्धच आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर जैनांचं जुनं क्षेत्र आहे, तेव्हा या भागात जैन वावर होता याला बळकट आधार आहे. तरी नाव केव्हा चिकटलं यावर सगळं अवलंबून. नाव स्तंभाबरोबर आलं असेल तर तो पुरावा. मागाहून कुणी दिलं असेल तर ते दुसऱ्या कुणाचं तरी अनुमान, आणि आपण त्यावर आपलं अनुमान रचतो आहोत. उत्तर नावात शोधण्यापेक्षा स्तंभाच्या अंगावर शोधावं. तिथे तीर्थंकर आहेत की शैव-वैष्णव देवता आहेत? दीपमाळ म्हणायची तर दिवे ठेवायला हात किंवा कोनाडे आहेत का? जाणाऱ्याने हे स्वतः नीट पाहावं.

हे सगळं पंडितांचं काम आहे असं कुणी समजू नये. चारठाण्याच्या जिंतूर तालुक्यातला शेतकरी रोज अनुमानावर जगतो. ढग पाहून पाऊस ओळखायचा, हे कारणावरून कार्याकडे जाणं. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असं ओळखायचं, हे कार्यावरून कारणाकडे. ही दोन्ही उदाहरणं वात्स्यायनाचीच आहेत. न्यायसूत्रांत त्यावर आक्षेपही घेतला आहे: नदी कुठे अडल्यानेही फुगेल, मग पुरावरून पाऊस कसा धरायचा? उत्तर असं दिलं आहे, की नुसतं वाढलेलं पाणी आम्ही हेतू धरतच नाही. पाण्याला ओढ असावी, फेस असावा, वरून पानं, फळं, लाकडं वाहून आलेली असावीत, तो पूर पावसाचा.

जिंतूर तालुक्यात हा आक्षेप पुस्तकातला राहत नाही. पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. धरणाखाली नदी भरून वाहू लागली तर वर आजच पाऊस झाला असं म्हणता येत नाही, दरवाजे उघडले असतील. पूर्णाकाठचा माणूस पाणी वाढलं की आधी येलदरीतून सोडलं का ते विचारतो, पाण्याचा रंग पाहतो, काय वाहून येतंय ते पाहतो. कित्येक शतकांपूर्वी घेतलेली शंका आणि तिचं समाधान तो नदीकाठी उभं राहून पुन्हा करतो आहे. न्यायशास्त्र त्याने वाचलेलं नसेल, पण व्याप्तीला जोडलेली अट त्याला पक्की ठाऊक आहे, कारण चुकलं तर काठावरची मोटार वाहून जाते.

चार्वाकांनी अनुमानावर मोठा घाव घातला होता. तुम्ही सगळे धूर पाहिलेत का? सगळे विस्तव पाहिलेत का? नाही ना, मग ‘जिथे जिथे’ कोणत्या तोंडाने म्हणता? प्रश्न खरा आहे, त्याला पुरतं उत्तर नाही. उदयनाचार्यांनी त्यावर एवढंच दाखवलं, की शंकेलाही हद्द आहे. धूर आगीपासून निघतो याची शंका घेणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो. आपल्याच वागण्याला छेद देणारी शंका पुढे रेटता येत नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर तिफण धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. खात्री होईपर्यंत थांबला तर पेरणी हुकते, विचार न करता पेरलं तर दुबार पेरणीची वेळ येते. तो मातीत बोटं घालून ओल किती खोल गेली आहे ते पाहतो आणि मग ठरवतो. अनुमानाशी प्रामाणिक वागणं मला याहून चांगलं कुठे दिसलेलं नाही.

आणि प्रामाणिक न वागण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. पोटासाठी गावोगाव फिरणारी, मंगळवेढ्याकडची माणसं ती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, असं तेव्हा सांगितलं गेलं. अनोळखी आहे, मुलीशी बोलतो आहे, त्या अर्थी मुलं पळवणारा आहे! यात उदाहरणाची पायरी कुठे होती? अनोळखी माणूस लेकराशी बोलला आणि त्याने ते पळवलं, असं त्या जमावातल्या कुणी कधी पाहिलं होतं? आणि अनोळखी माणसं लेकरांशी मायेने बोलून आपल्या वाटेने गेली, हे त्यातल्या प्रत्येकाने जन्मभर पाहिलं नव्हतं का? हेतू ढिला आहे हे ओळखायला लागणारा सगळा अनुभव त्यांच्या गाठीला होता. तो कुणीही बाहेर काढला नाही. पाच जीव गेले.

दगडाबद्दलचं अनुमान चुकलं तर काळाचा आकडा चुकतो, माणसाबद्दलचं चुकलं तर माणूस जातो. रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि ती दगडावर शिकावी. दगड घाई करत नाही. मानस्तंभासमोर उभं राहून आपण दहा वेळा चुकलो तरी तो पुन्हा तेवढाच पुरावा पुढे ठेवतो, ना कमी ना जास्त. ‘पाहिलं किती आणि जोडलं किती?’ हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय त्याच्या सावलीत बसून लावून घेता येते. शाळेच्या सहली चारठाण्याला न्याव्यात आणि पोरांना माहिती पाठ करायला लावण्याऐवजी वहीत दोन रकाने आखायला सांगावं, असं मला फार वाटतं. एका रकान्यात दिसलं ते, दुसऱ्यात त्यावरून वाटलं ते. त्या दोन रकान्यांतली रेघ ज्याला ओढता आली, तो उद्या मोबाइलवर आलेली अफवा पुढे पाठवताना थांबेल.

एवढ्यासाठी त्या दगडांनी जागेवर राहायला हवं. मराठवाड्यात कोरीव शिळा नव्या ओट्यात, पारात, गोठ्याच्या भिंतीत गेलेल्या दिसतात. कुणी हौसेने त्यांना ऑइलपेंट देतं, कुणी भक्तीने शेंदूर चढवतं. भक्तीबद्दल माझी तक्रार नाही, पण बेसनगरला शेंदराखाली दोन हजार वर्षांचं नाव दडून बसलं होतं हे विसरू नये. शेतात, विहीर खणताना, घराचा पाया घेताना कोरीव दगड लागला तर तो हलवण्याआधी आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत फोटो काढा, किती खोलीवर आणि कशाशेजारी होता ते लिहून ठेवा, त्याला रंग लावू नका, आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. जागेवरून हललेला दगड पुढच्या माणसाला आपल्या मूळ जागेबद्दल काहीच सिद्ध करून देऊ शकत नाही.